उजेड कुणाचा?

श्रीखंडासाठी दही पंचात बांधून टांगलं की खालच्या पातेल्यात ठिबकणाऱ्या पाण्याला एक हिरवट झाक असते. बहुतेक घरांत ते पाणी कणकेत जातं, नाहीतर मोरीत. जाण्याआधी एकदा स्वयंपाकघरातला दिवा घालवून त्यावर नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारून बघावा. पाणी पिवळट-हिरवं उजळतं आणि टॉर्च बंद केल्याक्षणी विझतं. तेलात कालवलेली चिमूटभर हळद पोपटी पेटते. स्पिरिटमध्ये खललेल्या पालकाच्या हिरव्यागार अर्कातून रक्तासारखा लाल प्रकाश बाहेर येतो. लाल तिखट मात्र ढिम्म. मीठ ढिम्म. युरियाही ढिम्म, आणि दुधातल्या भेसळीचा विचार करताना हे शेवटचं लक्षात ठेवलेलं बरं.

दह्याच्या पाण्यात उजळतं ते रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. हळदीत कर्क्युमिन, पालकात हरितद्रव्य. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण दुसऱ्या मार्गांनी कुणीतरी ते आधीच सिद्ध करून ठेवलं आहे. नुसता उजेड बघून सांगता आलं असतं का? मिश्रणावर प्रकाश टाकायचा, परत येणारा प्रकाश मोजायचा आणि आत काय काय, किती किती आहे ते सांगायचं, हा फ्लुरोसन्स वर्णपटशास्त्राचा दावा. त्याला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली. तो कुठे टिकला आणि कुठे लटपटला, हे बघायचं तर एकच प्रश्न धरून चालावं लागतं: दिसला तो उजेड कुणाचा?

मराठीत या उजेडाला प्रतिदीप्ती असा शब्द आहे. प्रयोगशाळेत मात्र सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात, म्हणून इथेही तोच. (सराफाकडचं सोन्याचा कस सांगणारं यंत्रही नावाने फ्लुरोसन्सचंच, पण तिथे क्ष-किरण अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना उखडतात. ते प्रकरण वेगळं.) आपल्या गोष्टीतला रेणू अतिनील किंवा निळा प्रकाश गिळतो, वरच्या ऊर्जापातळीवर चढतो, शेजाऱ्यांशी धक्काबुक्की करण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात घालवतो आणि काही नॅनोसेकंदांत उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून टाकून खाली येतो. वाटेत तूट झाल्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी गिळलेल्या प्रकाशापेक्षा जास्त. बहुतेक रेणूंना एवढंही जमत नाही. त्यांची सगळी ऊर्जा उष्णतेतच जाते. सपाट, ताठर, कड्यांना कडी जोडलेले रेणू चांगले उजळतात. आणखी एक गुण पुढे फार कामाला येणार आहे. रेणूला कुठल्याही तरंगलांबीने चेतवा, त्याच्या उजेडाच्या वर्णपटाचा आकार सहसा बदलत नाही. तो फक्त उंच किंवा बुटका होतो.

या पद्धतीचं बळ तिच्या संवेदनशीलतेत आहे. द्रावणाने किती प्रकाश शोषला हे मोजणं म्हणजे हजार दिव्यांच्या रोषणाईतून एक दिवा गेला का ते ओळखणं. फ्लुरोसन्स मोजणं म्हणजे अमावास्येच्या रात्री समोरच्या डोंगरावर पेटलेली शेकोटी बघणं. शोधक प्रकाशाच्या वाटेशी काटकोनात बसवलेला असतो, त्याच्यापुढे एरवी काळोखच. १८७७ साली जर्मनीत इमेन्डिंगेनजवळ जमिनीत गडप होणारं डॅन्यूबचं पाणी जातं कुठे, हा वाद मिटवायला नदीत १० किलो फ्लुरोसीन ओतलं. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. १९९०च्या सुमारास तर द्रावणातल्या एकट्या रेणूचा उजेड पकडण्यापर्यंत मजल गेली.

क्विनीनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावरची निळी झाक जॉन हर्शेलने १८४५ साली नोंदवली होती. तिचा उलगडा १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने केला. अंधाऱ्या खोलीत फटीतून आलेल्या उन्हाचा लोलकाने रंगीत पट्टा पाडायचा आणि क्विनीनची परीक्षानळी तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवत न्यायची. पट्ट्यात असेपर्यंत जवळजवळ साधं पाणीच. जांभळा संपला, डोळ्याला काही दिसेना, अशा जागी नळी आली की ती निळी पेटते. फ्लोरस्पार या खनिजावरून फ्लुरोसन्स हे नाव ठेवलं तेही स्टोक्सनेच. सेंद्रिय पदार्थ हुडकायला आणि एकमेकांपासून वेगळे ओळखायला प्रकाशाचे हे गुण वापरता येतील, असं त्याने १८६४ साली रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडलं. पुढच्या तीन-चार वर्षांत गोपेल्सरोडरने मोरिन या वनस्पतिज रंगद्रव्याला ॲल्युमिनियम चिकटलं की हिरवा उजेड येतो, याचा उपयोग करून ॲल्युमिनियम शोधायची रीत बसवली. म्हणजे सुरुवातीपासूनच दोन वाटा झाल्या. जो स्वतः उजळतो त्याला थेट बघायचं, आणि जो उजळत नाही त्याच्या हातात कुणाचातरी दिवा द्यायचा.

मिश्रणाच्या बाबतीत या शास्त्राची खरी परीक्षा घेतली ती कोळशाच्या डांबराने. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोपडून कर्करोग घडवून आणला होता. डांबरात संयुगं असंख्य. त्यांतलं गुन्हेगार कोण? लंडनच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत केनावे यांचा गट या मागे लागला होता. एकेक अंश वेगळा करून उंदरांवर लावायचा तर उत्तर यायला दर वेळी महिने लागत. तिथे मेनॉर्ड या भौतिकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की कर्करोगकारक डांबरांच्या उजेडात ठरावीक तीन पट्टे असतात: ४००, ४१८ आणि ४४० नॅनोमीटरला. १९३० साली हीगर यांनी ते सविस्तर प्रसिद्ध केलं. आता उंदराऐवजी वर्णपटदर्शकाला विचारता येणार होतं, तेही काही मिनिटांत.

मग माहीत असलेल्या संयुगांची ओळखपरेड सुरू झाली. बेन्झअँथ्रासीनचे पट्टे जवळपास तसेच होते, पण जरा सरकलेले. त्याच घराण्यातलं डायबेन्झअँथ्रासीन तपासलं तर त्याने उंदरांत कर्करोग केला. शुद्ध रसायनाने कर्करोग झाल्याचं ते पहिलं उदाहरण. पण डांबरातला इसम तो नव्हे, कारण पट्टे जुळत नव्हते. शेवटी गॅसच्या कारखान्यातलं दोन टन पिच घेतलं. ऊर्ध्वपातन, विद्रावक, स्फटिकीकरण; प्रत्येक टप्प्यावर मालाचे भाग पडत आणि ते तीन पट्टे कुठल्या भागात गेले ते बघून पुढचा भाग निवडला जाई. १९३३ साली कुक, ह्यूएट आणि हीगर यांनी त्यातून वेगळं केलेलं पिवळं स्फटिकी संयुग जाहीर केलं: बेन्झोपायरीन. आज भारताच्या २००९च्या हवा-मानकांत त्याला जागा आहे, वार्षिक सरासरी घनमीटरला १ नॅनोग्रॅम.

ही गोष्ट फ्लुरोसन्सच्या विजयाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेही. पण बारकाईने पाहिलं तर उजेडाने फक्त रस्ता दाखवला. चालावं लागलं ते दोन टन पिच उकळणाऱ्या माणसांना. शिवाय बेन्झअँथ्रासीनचे पट्टे दिसल्यावर कुणी ‘सापडला’ म्हणून थांबलं असतं, तर चुकीचा माणूस आत गेला असता.

पुढचा धक्का युद्धाने दिला. १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती गेलं आणि क्विनीनचा पुरवठा तुटला. मलेरियावर बदली औषध क्विनॅक्रिन. त्याची मात्रा किती द्यायची हे ठरवायला रक्तात ते किती टिकतं हे कळायला हवं होतं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर हॉस्पिटलमध्ये ब्रॉडी आणि युडेनफ्रेंड यांनी ते त्याच्याच उजेडावरून मोजलं, अर्थात रक्तातून ते आधी विद्रावकात ओढून घेऊन. काचेच्या गाळण्या बदलत काम करण्याचा तो जमाना. हव्या त्या तरंगलांबीने चेतवून हव्या त्या तरंगलांबीला मोजणारं यंत्र बोमन यांनी उभं केलं आणि १९५५ साली ते छापून आलं. आजच्या प्रत्येक स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरचा हा आजोबा.

आता अडचणी. पुस्तकांत त्या शेवटच्या पानांत असतात; कामात त्या पहिल्याच दिवशी भेटतात.

क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या चौकोनी नळीत, माल जास्त घातला तर उजेड जास्त यायला हवा, असं कुणालाही वाटेल. द्रावण पातळ असेपर्यंत ते खरं असतं. दाट झालं की पहिल्याच थरात प्रकाश गिळला जातो आणि यंत्र जिथे बघतं त्या मध्यभागापर्यंत पोचतच नाही. शोषकता १ असेल तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटच्या मध्यावर येईपर्यंत दोन-तृतीयांशाहून जास्त प्रकाश संपलेला असतो. अशा वेळी पाणी घालून द्रावण पातळ केलं की उजेड वाढतो! नव्या विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा तो यंत्र बिघडलं म्हणून सांगायला येतो. दुधासारख्या गढूळ मालाला तर काटकोन सोडून समोरच्या पृष्ठभागावरूनच मोजावं लागतं.

दुसरी अडचण शमनाची. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं, टॉर्चखाली ते निळं उजळतं. त्यात चमचाभर मीठ घाला, उजेड मंदावतो. क्विनीन कुठेही गेलेलं नाही, मिठातल्या क्लोराइडने त्याची ऊर्जा उजेडाआधीच काढून घेतली. म्हणून प्रयोगशाळेत क्विनीनचं प्रमाण-द्रावण गंधकाम्लात करतात, हायड्रोक्लोरिक आम्लात नाही. मिश्रणाच्या दृष्टीने याचा अर्थ वाईट आहे: उजेड कमी दिसला तर पदार्थ कमी आहे की शेजारी वाईट आहे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. उजेड किती पडला याऐवजी तो किती नॅनोसेकंद टिकला हे मोजलं, तर यातले काही प्रकार ओळखता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या जातीचं काम बराच काळ झालं आहे. पण ते यंत्र जिल्ह्याच्या अन्न-प्रयोगशाळेच्या टेबलावर यायचं नाही.

तिसरी अडचण म्हणजे ज्याला कुणी बोलावलेलं नाही त्याचा उजेड. ३५० नॅनोमीटरने चेतवलेल्या शुद्ध पाण्यातही ३९७ला एक छोटं शिखर दिसतं. ते फ्लुरोसन्स नव्हे, पाण्याचं रामन विकिरण. चेतवणारा प्रकाश बदलला की ते शिखर बरोबरीने सरकतं आणि तिथेच पकडलं जातं. खऱ्या फ्लुरोसन्सचं शिखर जागचं हलत नाही. यातली गंमत अशी की कोलकात्यात रामन यांच्या गटातल्या रामनाथन यांना १९२३ साली पाण्यात हा क्षीण प्रकाश दिसला, तेव्हा तो कुठल्यातरी अशुद्धीचा दुबळा फ्लुरोसन्स असावा असंच वाटलं होतं. पाणी कितीही शुद्ध केलं तरी तो जाईना. पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, तो वेगळाच निघाला. उजेड कुणाचा, या प्रश्नाचं नोबेल मिळालेलं हे उत्तर.

माझ्या वाट्याला आलेलं उत्तर इतकं देखणं नव्हतं. एम.एस्सी.ला असताना एका विहिरीच्या पाण्यात मला ४३०च्या आसपास एक सुबक टेकाड मिळालं. तीन दिवस मी ते पुन्हा पुन्हा काढलं, दर वेळी थोडं उंच आलं. पेपर लिहायची स्वप्नं पडू लागली. चौथ्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले, मी क्युव्हेट पुसताना बघत राहिले आणि म्हणाले, “रुमाल कालच धुतलास वाटतं?” कपड्यांना पांढरेपणा देणारं द्रव्य अतिनील प्रकाश गिळून निळं उजळतं, तेच तर त्याचं काम. आमच्या लहानपणी टिनोपालचं पाणी वेगळं करत, आता ते धुण्याच्या पावडरीतच असतं. माझा शोध म्हणजे माझ्याच रुमालाची धुलाई होती. पुढे कळलं की नदी-नाल्यात सांडपाणी मिसळल्याची खूण म्हणून लोक हेच द्रव्य शोधतात. तेव्हा मला कुणी हे सांगितलं असतं, तर विहिरीत सांडपाणी उतरतं असंही मी छातीठोकपणे लिहून बसलो असतो.

या सगळ्यावर सगळ्यांत जुना आणि आजही सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे आधी वेगळं करा, मग उजेड बघा. याचं उत्तम उदाहरण शेंगदाण्यातलं आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी गूढ रोगाने मेले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत वाढलेल्या बुरशीचा. तिच्या विषांना अफ्लाटॉक्सिन नाव पडलं आणि त्यांचं वर्गीकरणच उजेडावरून झालं: अतिनील प्रकाशात निळं दिसतं ते बी, हिरवं दिसतं ते जी. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागात, बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ माणसं आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. म्हणजे हे विष अब्जांशात मोजता येणं ही चैन नाही.

मक्याच्या दाण्यांवर अतिनील दिवा धरून हिरवट-पिवळा उजेड बघण्याची एक झटपट चाचणी आहे. ती वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये. तो उजेड अफ्लाटॉक्सिनचा नसतोच. तीच बुरशी कोजिक आम्ल बनवते, त्याच्यापासून तो येतो. बुरशी होती एवढंच कळतं, विष आहे की नाही ते नाही. खरी मोजणी करायची तर दाणे दळायचे, विद्रावकात अर्क काढायचा, अफ्लाटॉक्सिनच धरून ठेवणारी प्रतिपिंडं बसवलेल्या बारक्या नळीतून तो गाळायचा, मग एचपीएलसीच्या स्तंभात बी आणि जी गटांतली विषं एकामागून एक वेगळी करायची आणि टोकाला फ्लुरोसन्सचा शोधक ठेवायचा. इथेही एक मेख आहे. स्तंभातून पाण्याबरोबर बाहेर येताना सगळ्यांत घातक बी-१ आणि त्याच्याबरोबर जी-१ यांचा उजेड जवळजवळ मरतो. त्यांना वाटेतच ब्रोमीन किंवा अतिनील प्रकाशाची प्रक्रिया देऊन पुन्हा उजळतं करावं लागतं. एवढे सोपस्कार झाले की शेवटचा शिखराचा आकडा न्यायालयात टिकतो.

याच कुळातली गरिबाची पद्धत म्हणजे टीएलसीची पट्टी. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने अंगावर सूज येऊन साठच्या आसपास माणसं गेली. त्या बियांतलं सँग्विनारिन पट्टीवर वेगळं चढवून अतिनील दिव्याखाली धरलं की त्याचा पिवळा ठिपका झळकतो. काचेची पट्टी, बरणीत बोटभर विद्रावक, दिवा. एवढ्यावर काम होतं, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

वेगळं न करताच ओळखायचं असेल तर? इथे गणित येतं. बर्मिंगहॅमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या लॉइड यांनी १९७१ साली सोपी युक्ती काढली. चेतवणारी आणि मोजायची तरंगलांबी, दोघींमध्ये ठरावीक अंतर ठेवून दोघींना एकदमच पुढे सरकवायचं. रुंद, एकमेकांवर पसरलेली टेकाडं त्यामुळे अरुंद सुळक्यांत बदलतात. डांबर, तेलं, काजळी यांत दोन, तीन, चार कड्यांची संयुगं असतात. कडी वाढली की उजेड लांब तरंगलांबीकडे सरकतो, त्यामुळे हे सुळके कड्यांच्या संख्येनुसार ओळीने उभे राहतात. प्रथिनांतही अंतर १५ नॅनोमीटर ठेवलं की टायरोसीन पुढे येतं, ६० ठेवलं की ट्रिप्टोफॅन.

याहून खोल विचार ग्रेगोरिओ वेबर यांनी त्याच्या दहा वर्षं आधी, १९६१ साली मांडला होता. मिश्रण एका तरंगलांबीने चेतवून पूर्ण वर्णपट घ्या, मग दुसरीने, तिसरीने. प्रत्येक वर्णपट एकेका ओळीत लिहिला की आकड्यांचा एक मोठा चौकोन तयार होतो. पदार्थ एकच असेल तर सगळ्या ओळी एकाच चिवड्याच्या लहान-मोठ्या पुड्या असतात. वजन वेगळं, आतलं प्रमाण तेच. चिवडे दोन असतील तर प्रत्येक पुडी म्हणजे त्या दोघांची वेगवेगळ्या मापाची मिसळ. किती मूळ चिवडे धरले म्हणजे सगळ्या पुड्यांचा हिशेब लागतो, ही संख्या चौकोनाच्या गणितातूनच निघते, आणि ती म्हणजे मिश्रणातल्या उजळणाऱ्या घटकांची संख्या. कुठल्याही घटकाचं नाव माहीत नसताना ते किती आहेत हे सांगता येणं, ही मला या शास्त्रातली सगळ्यांत देखणी कल्पना वाटते.

पण किती हे कळलं तरी कोणते हे एका चौकोनातून नेमकं निघत नाही. त्याच पुड्या दोन वेगळ्या चिवड्यांनीही भरून दाखवता येतात. तिढा सुटला तो मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने. हार्शमन यांनी १९७० साली लॉस एंजेलिसमध्ये माणसांच्या चाचण्यांची माहिती फोडायला पॅराफॅक नावाची रीत मांडली होती. एकाच जातीचे बरेच नमुने घेऊन त्यांचे चौकोन एकावर एक रचले, की तिसरी मिती मिळते आणि मग फोड एकच निघते. कोपनहेगनच्या रासमुस ब्रो यांनी १९९७च्या लेखातून ती रसायनशास्त्रज्ञांच्या अंगवळणी पाडली. तिचा खरा फायदा असा की मोजायच्या पदार्थाचं प्रमाण-द्रावण हाताशी असलं, तर नमुन्यात अनोळखी चार पाहुणे असूनही त्याचं प्रमाण काढता येतं.

या रीतीने समुद्र आणि नद्यांच्या पाण्याचा अभ्यास बदलून टाकला. पाला-पाचोळा, मलमूत्र, जीवाणू यांच्यातून पाण्यात विरघळलेला सेंद्रिय माल म्हणजे हजारो संयुगांची खिचडी. ती पूर्ण वेगळी करणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. पॉला कोबल यांनी त्याआधीच, १९९६ साली, या मालाच्या चौकोनाचा नकाशा काढून त्यावरच्या टेकड्यांना अक्षरं दिली. २७५ने चेतवून ३४०ला येणारी टी टेकडी ट्रिप्टोफॅनसारखी, ३५०ने चेतवून ४२० ते ४८० दरम्यान येणारी सी टेकडी कुजलेल्या पाल्यातल्या ह्युमिक द्रव्यासारखी. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची विहीर फुटली तेव्हा सुमारे १,१०० मीटर खोलीवर पसरलेला तेलाचा ढग माग काढत हुडकला तो पाण्यात सोडलेल्या फ्लुरोमीटरांनी. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाच्या संशोधकांनी झांबियात आणि बिहारमध्ये हातपंपांच्या पाण्यातली टी टेकडी जागेवर मोजून मैला मिसळल्याची खूण शोधली. जीवाणूंची वाढ करून बघायला जिथे दिवस जातो, तिथे आकडा लगेच हातात.

या क्षेत्रातला सगळ्यांत प्रामाणिक शब्द मला ‘सदृश’ हा वाटतो. ट्रिप्टोफॅनसदृश, ह्युमिकसदृश. गणिताने काढलेला घटक म्हणजे बाटलीतला पदार्थ असं कुणी म्हणत नाही, निदान म्हणू नये. एकाच घटकात दहा संयुगं लपलेली असू शकतात. शमन झालं, दाटपणाने प्रकाश अडला, एका रेणूची ऊर्जा शेजाऱ्याने पळवली, की चिवड्याच्या पुड्यांचा हिशेबच मोडतो, आणि गणित तरीही न कुरकुरता उत्तर देतं. घटक चार धरायचे की पाच, हे शेवटी माणूस ठरवतो. तो पाच धरतो तेव्हा पाचव्याला नाव द्यायचा मोह त्यालाच होतो.

आधी वेगळं करणं आणि गणिताने फोडणं यांच्यानंतरची तिसरी वाट नावं सोडूनच देते. मिश्रणाचा नकाशा म्हणजे त्याच्या बोटाचा ठसा. अस्सलचा ठसा ठेवायचा आणि समोरच्या नमुन्याशी ताडून बघायचा. महाराष्ट्राला याची गरज दाखवणारी एक घटना विसरता येणार नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. पेट्रोल-डिझेलात रॉकेल. पंपावर आपण मागू शकतो त्या चाचण्या दोन: घनता आणि गाळणकागदावर टाकलेल्या थेंबाचा डाग. थोड्या भेसळीपुढे दोन्ही हतबल. मद्रासच्या आयआयटीत दिगंबर पात्रा आणि अशोककुमार मिश्रा यांनी २००० नंतरच्या वर्षांत याच इंधनांचे लॉइडच्या युक्तीने सर्व अंतरांचे पूर्ण नकाशे काढले. पातळ न केलेल्या डिझेलात कड्याकड्यांची संयुगं इतकी दाट असतात की लहान रेणू आपली ऊर्जा मोठ्यांना देऊन टाकतात आणि उजेड लांब तरंगलांबीला सरकतो. रॉकेल मिसळलं की गर्दी विरळ होते आणि उजेड मागे येतो. वर ज्याला अडचण म्हटलं तीच इथे मोजपट्टी झाली.

तरी असं यंत्र पंपापंपावर का नाही, याची कारणं मला तांत्रिक वाटतात तितकीच कारकुनीही. ठसा कुणाशी ताडायचा? प्रत्येक रिफायनरीचा, प्रत्येक टाकीचा माल वेगळा. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानकं आली आणि डिझेलमधल्या अनेक कड्यांच्या संयुगांची मर्यादा ११ टक्क्यांवरून ८ वर आली. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या मालावर शिकवलेलं कुठलंही प्रारूप आजच्या शुद्ध डिझेललाही भेसळ ठरवू शकतं. ठशांची वही दर वर्षी नव्याने लिहायला हवी, आणि वही लिहिण्याच्या कामाला प्रकल्पाचा पैसा मिळत नाही. मध, तूप, हळद, ऑलिव्ह तेल यांच्याबद्दल दर महिन्याला निघणाऱ्या लेखांचंही तेच. एका बाजारातून आणलेले मोजके नमुने, त्यांतलेच काही शिकवायला, काही परीक्षेला, आणि निकाल शंभर टक्के. मला असा निकाल बघितला की माझा रुमाल आठवतो.

गेल्या उन्हाळ्यात दह्याच्या पाण्याचा नकाशा एका विद्यार्थिनीकडून करून घेतला. गाळून, पातळ करून. २८०ने चेतवल्यावर ३४०ला प्रथिनांची टेकडी, ४५०ने चेतवल्यावर ५२५ला रायबोफ्लेविनची. उरलेली बाटली तिने खिडकीत ठेवली होती. दोन दिवसांच्या उन्हाने ५२५ची टेकडी खचली आणि तिच्या डावीकडे निळसर भागात एक नवी उगवली. पुस्तकाप्रमाणे ते ल्युमिक्रोम असायला हवं. आंबट द्रावणातलं रायबोफ्लेविन उन्हाने त्यातच मोडतं. वहीत तिने पहिल्या दोन टेकड्यांपुढे नावं लिहिली आणि तिसरीपुढे ‘ल्युमिक्रोमसदृश’. मी विचारलं, पहिल्या दोघींना सदृश का नाही? ती म्हणाली, “सर, ते तर आपल्याला माहीतच आहे ना.” मग जरा वेळाने तिने रायबोफ्लेविनची बाटली फ्रीजमधून काढली, प्रमाण-द्रावण केलं आणि यंत्राचा दिवा तापायला लावला.